लाल लुगड्याचे एकतीस खिसे

माझ्या धंद्याला नाव नव्हतं. शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय लिहायची वेळ आली की माझी मुलगी पेन तोंडात धरून माझ्याकडे बघत बसायची. एकदा कंटाळून तिने लिहिलं, "लोकांची कामं करते." फॉर्म परत आला नाही, म्हणजे शाळेला ते चाललं असावं.

नव्वदीतली गोष्ट सांगते आहे. तेव्हा विरारला जिकडे बघावं तिकडे नवी इमारत उठत होती. लोक फ्लॅट घ्यायचे, दारावर गणपतीची टाइल बसवायचे आणि दुसऱ्या दिवसापासून फ्लॅटला कुलूप. नवरा मुंबईत, बायको मुंबईत. गॅसचं ऑफिस, रेशनचं ऑफिस, विजेच्या बिलाची खिडकी, शाळांच्या प्रवेशाची रांग, टँकरवाल्याशी भांडण, ही कामं मात्र ते गेल्यावर सुरू व्हायची आणि ते परतायच्या आत बंद. घर विरारला आणि दिवस मुंबईला अशी ज्यांची गत, ते माझ्याकडे यायचे. आपली कामं मला द्यायचे आणि मी ती करायची.

मी मूळची वसईची, पश्चिमेकडच्या वाडीतली, कॅथलिक. घरी बोलतो ती बोली इथे लिहिली तर संपादक डोक्याला हात लावतील, म्हणून शाळेतलं मराठी लिहिते आहे. नाव फिलोमिना, पण विरार पूर्वेच्या अख्ख्या चंदनसारला मी फिलूताई. त्याआधी काही वर्षं मी फोर्टमधल्या एका कंपनीत साहेबांची सेक्रेटरी होते. साहेब पक्के विसरभोळे, पण कंपनीत त्यांची ख्याती अशी, की हा माणूस कधी काही विसरत नाही. ती ख्याती माझ्या खणात असायची. खणात महिन्याच्या तारखांप्रमाणे फोल्डर लावलेले. एखाद्या पत्राची आठवण बारा तारखेला करून द्यायची असली, की ते पत्र बाराच्या फोल्डरमध्ये. रोज सकाळी त्या दिवसाचा फोल्डर उघडायचा आणि बाकी कशाचाही विचार करायचा नाही. एवढीच काय ती विद्या. दुसरं मूल झाल्यावर मी नोकरी सोडली आणि चंदनसारला राहायला आले, तेव्हा ती माझ्याबरोबर आली.

घरात खणाचं टेबल ठेवायला जागा नव्हती. आईचं एक जुनं लाल लुगडं होतं, आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका नेसतात तसलं. ते कापून मी एका जाड कापडावर खिसे शिवले, तारखांइतके, एकतीस. खाली एक मोठी थैली शिवली, पुढच्या महिन्यांच्या कामांसाठी. मग ते सगळं स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलं. आई बघायला आली तेव्हा बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली. "हे मी तुझ्या बारशाला नेसले होते," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "मग काय, आता ते कामाला लागलं." तेव्हा मला माझं उत्तर फार हुशारीचं वाटलं होतं.

चिठ्ठ्या करायच्या त्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीच्या. कागद जाड असतो, खिशात उभा राहतो. एका चिठ्ठीवर एकच काम. काम असं लिहायचं, की ते हातापायांनी करता आलं पाहिजे. "गॅसचं बघणे" अशी चिठ्ठी मी परत करायची. बघणे म्हणजे काय? नंबर लावायचा, का शेगडी गळते आहे, का सिलिंडर आलाच नाही? ते नीट लिहा. काम झालं की निळ्या पेन्सिलीने काट मारायची. झालं नाही तर चिठ्ठीचा एक कोपरा दुमडून ती उद्याच्या खिशात टाकायची. चारी कोपरे दुमडले की समजायचं, यात काहीतरी खोट आहे. एक तर काम चुकीचं लिहिलंय, नाहीतर ते करायची कोणाची इच्छाच नाही.

आणि शेवटी साहेबांचा प्रश्न. हातात कुठलाही कागद आला की साहेब आधी विचारायचे, "हे दुसरं कोण करू शकेल?" बहुतेक वेळा उत्तर मीच असायचे. माझा सगळा धंदा त्या एका प्रश्नावर उभा राहिला.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. आमच्याच इमारतीतले जोगळेकर नव्या वर्षाच्या सुरुवातीला चिठ्ठ्यांची चवडच घेऊन आले. पहाटे उठणे. इंग्रजी सुधारणे. रागावर ताबा ठेवणे. मी म्हटलं, "जोगळेकर, तुमच्या वतीने रांगेत मी उभी राहीन, पण तुमच्या वतीने पहाटे कशी उठू?" पण माणूस चिवट. मग रागाची चिठ्ठी आम्ही दोघांनी बसून पुन्हा लिहिली: "घरी आल्यावर आधी आंघोळ, मग बायकोशी बोलणे." ही चिठ्ठी त्यांनी आरशाला चिकटवली. पुढच्याच आठवड्यात त्यांची बायको बेसनाचे लाडू घेऊन आली आणि माझा हात दाबून निघून गेली. इंग्रजीची चिठ्ठी मात्र कोपरे दुमडून दुमडून गोळी झाली. शेवटी ती त्यांनी स्वतःच्या खिशात घातली आणि म्हणाले, "राहू द्या, आता मराठीतच रिटायर होतो."

पाचूबंदरची यमुनाबाई आमच्या इमारतींत मासळी घेऊन यायची. तिचं रेशनकार्डावर नाव चढवायचं होतं. मी खिशाकडे बघून तिला तारीख दिली. तर टोपली टेकवून म्हणते, "तारीख नको सांगू गो बाय, तिथी सांग. पान्याला तारीख कलत नाय." तिचं म्हणणं बरोबर होतं. भरती-ओहोटी तिथीने चालते, बोटी भरतीने चालतात, आणि यमुनाबाई बोटींवर चालायची. तेव्हापासून मी प्रत्येक खिशावर तारखेच्या बाजूला तिथीचा कागद टाचायला लागले. दर महिन्याला तो बदलायचा. तिच्या एकटीसाठी हा उपद्व्याप, पण पापलेट मला नेहमी ताजं मिळालं.

असं हे सगळं गमतीचं चाललं होतं. पण मी लिहायला बसले ती चांदीपच्या नानांसाठी.

नानांची मुलगी सुनंदा माझं गिऱ्हाईक. मुंबईत एका बँकेत कामाला, राहायला विरार पश्चिमेला. दोन मुली, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. ती पहाटे निघायची, अंधार पडल्यावर यायची, आणि रविवारी आठवड्याचं घर उपसायची. तिला मी कधी रिकाम्या हाताने बसलेली पाहिली नाही. तिचे वडील चांदीपला एकटेच राहायचे. एस.टी.त ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन गावी आलेले. थोडी भातशेती, कौलारू घर, बायको जाऊन दोन-तीन महिने झालेले. विरारहून चांदीप म्हणजे एका एस.टी.चं अंतर. तेवढं अंतर सुनंदाला जमत नव्हतं. तिने मला बुधवार लावून दिला. दर बुधवारी मी चांदीपला जायचं आणि बाबांची कामं करून यायचं.

पहिल्या बुधवारी मी अंगणात पाय ठेवला तर नाना आधी माझ्या मागे, रस्त्याकडे बघत होते.

"सुनंदा नाय आली?"

"तिला सुट्टी नाही, नाना. मला पाठवलंय."

"बरं बरं. ये बाय, पानी पी."

नानांना लेक यायला हवी होती. पहिल्याच दिवशी ते मला दिसलं. मी काही दगड नव्हते. पण "सुनंदाने येणे" अशी चिठ्ठी माझ्याकडे कोणी दिली नव्हती, आणि जी चिठ्ठी नाही ते काम माझं नाही, असा माझा हिशेब. मला वाटलं, म्हाताऱ्याची कामं चोख झाली की मन आपोआप शांत होईल.

नानांनीही मग पद्धत काढली. माझ्यापेक्षा चांगली. ते अशी कामं काढायचे, जी लेकीवाचून होणार नाहीत.

आधी चष्मा. नंबर वाढला होता. म्हणाले, "माज्या डोल्यांचं सुनंदालाच ठावं. ती आली की जाऊ." मी सुनंदाकडून जुना कागद आणला, रिक्षा केली, नानांना विरारला नेलं, आणि पुढच्या बुधवारी नवा चष्मा त्यांच्या नाकावर. निळी काट. नव्या चष्म्यातून त्यांनी परत रस्त्याकडे बघितलं. मी विचारलं, "नीट दिसतंय?" म्हणाले, "सगलं दिसतंय."

मग साड्या. बायकोच्या साड्यांची एक पेटी होती. कुठल्या ठेवायच्या, कुठल्या कोणाला द्यायच्या, हे लेकीनंच बसून ठरवायचं, असं नाना म्हणाले. मला वाटलं, खरंच आहे, हे मला नाही ठरवता येणार. आणि लगेच साहेबांचा प्रश्न आठवला. साड्या सुनंदाकडे येऊ शकत नाहीत असं कुठे आहे? मी गाठोडं बांधलं आणि विरारला नेलं. सुनंदा तेव्हा कुकर लावत होती. तिने ओट्याशी उभ्या उभ्या एकेक साडी बघितली. ही राहू दे, ही काकूला, ही कामवालीला. एक हिरवी होती, ती तिने हातात घेऊन जरा नाकाशी धरली. तेवढ्यात सासूने हाक मारली. मी ठेवायच्या आणि द्यायच्या अशी दोन गाठोडी करून निघाले, आणि बुधवारी दोन्ही चांदीपला पोचवली. नानांनी गाठोड्यांना हात लावला नाही. "केलंस का," म्हणाले. मी म्हटलं, "हो, एकाच खेपेत झालं."

मला त्या खेपेचा अभिमान होता. तो मी चारचौघांत सांगितलाही आहे.

दिवाळीच्या पुढेमागे नवा तांदूळ घरात आला. नानांच्या घरची रीत अशी, की नव्या तांदळाचा पहिला भात लेकीनं रांधायचा. सून असली तरी नाही, लेकीनंच. लेक सासरहून त्यासाठी यायची, भात रांधायची, बापाच्या पानात वाढायची, मग बाकीच्यांनी जेवायचं. गेल्या वर्षी आई गेल्याच्या गडबडीत ते राहून गेलं होतं. "यंदा तिला यावंच लागनार," नाना म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. "यात तुजं काय चालनार नाय."

मी सुनंदाला सांगितलं. ती खरंच हळहळली. पण बँकेत तेव्हा कसलंतरी ऑडिट चालू होतं आणि रविवारी सासूपाशी बसायला बाई मिळत नव्हती. "फिलूताई, काहीतरी करा ना," ती म्हणाली. "त्यांना वाईट वाटायला नको."

मी केलं. नवा तांदूळ पायलीतून मोजून घेतला, विरारला सुनंदाच्या घरी नेला. तिने पहाटे निघायच्या आधी भात रांधला, डब्यात भरला. रीत मोडली नव्हती; भात नव्या तांदळाचा होता आणि लेकीच्या हातचा होता. मी तो डबा रुमालात बांधून चांदीपला नेला आणि नानांच्या पुढे उघडला. वाढायचं काम तेवढं माझ्या हातून झालं.

नाना पानासमोर बसले. भात गार झाला होता, गोळे झाले होते. त्यांनी एक घास घेतला, सावकाश चावला. मग मान वर न करता म्हणाले, "बाय, तू लय हुशार हायस गो. तुज्यापुढं माजं काय चालत नाय."

रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. ते हरलेल्या माणसासारखं बोलले. माझ्या हातात अजून डब्याचं झाकण होतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की हा माणूस वर्षभर लेकीसाठी एकेक दार उघडतो आहे आणि मी मागून जाऊन एकेक बंद करते आहे. निळी पेन्सिल मारून.

मला रडू आलं. नाना म्हणाले, "रडतेस काय? जेव." मग आम्ही दोघांनी तो भात खाल्ला.

जेवल्यावर मीच म्हटलं, "नाना, पुढचं काम माझ्याच्याने होणार नाही असं काढा. मी चिठ्ठी परत करीन." त्यांना आधी कळेना. कळलं तेव्हा शाळा बुडवायचा बेत ठरल्यासारखे खुलले. बायकोचं लाकडी कपाट होतं. त्याची किल्ली त्यांनी माझ्यासमोर भाताच्या कणगीत टाकली. आता किल्ली हरवली. कुलूप फोडायचं तर ते लेकीच्या समोरच, परक्या माणसासमोर आईचं कपाट उघडायचं नाही. माझ्या सगळ्या धंद्यात मी एकच चिठ्ठी अशी परत केली. कपाट उघडायच्या त्या चिठ्ठीवर लिहिलं, "झालं नाही. तुम्हालाच जावं लागेल."

सुनंदाने चिठ्ठी वाचली आणि मान हलवली. "जाते. येत्या रविवारी जातेच. नाहीतरी एकदा सगळंच मार्गी लावायला हवं."

ते शेवटचं वाक्य मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर मी मुद्दाम चांदीपला गेले. मला त्या दोघांना एकत्र बघायचं होतं. नानांनी दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. शेजारणीकडून कोंबडीचं कालवण करून घेतलं होतं. अंगण सारवलेलं. आणि सुनंदा आली, रिक्षाने, सोबत सुतार. तिच्या पर्समध्ये चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, लग्नपत्रिकांच्या पाठीवर लिहिलेला. मागे केव्हातरी तिने मला विचारलं होतं, घरासाठी तुमची पद्धत मला शिकवा ना. मी आनंदाने शिकवली होती.

ती बापाच्या पाया पडली, "वाळलात हो बाबा," म्हणाली, आणि कामाला लागली. सुतार कुलूप फोडत होता तोवर तिने औषधांच्या पुड्या करून त्यावर वार लिहिले. शेजारणीला बोलावून रोजच्या जेवणाचं ठरवून टाकलं. कपाट उघडल्यावर आत जे होतं त्याची आवराआवर केली, नवं कुलूप लावलं, एक किल्ली बापाला, एक शेजारणीकडे, एक माझ्याकडे. कौलं शाकारायला माणूस सांगितला. टेलिफोनचा अर्ज भरून आणला होता, त्यावर सही घेतली. पुढच्या वर्षीच्या नव्या तांदळासाठीसुद्धा तिने तोड काढली होती. "शेजारच्या ताईंची लेक इथेच असते, ती रांधेल. लेक ती लेकच ना, बाबा?" जेवायला बसली तेव्हा डाव्या हाताने चिठ्ठ्यांवर काटा मारत होती. नाना तिच्या पानात कालवण वाढत होते आणि ती "पुरे, पुरे" म्हणत होती. तिला उशीर झाला होता; सासूपाशी बसलेली बाई थांबणार नव्हती.

तिला दोष देऊ नका. मी तिचा चेहरा बघत होते. तिला वाटत होतं, आपण बापासाठी डोंगर उचलला. आणि तो तिने उचललाही होता.

रिक्षात बसताना तिने माझा हात धरला. "फिलूताई, सगळं आटोपलं. आता बाबांना कशासाठी कोणाची वाट बघायला नको. तुमच्याच पद्धतीने केलं बघा."

रिक्षा वळणाआड गेल्यावर नाना ओटीवर बसले. बराच वेळ नवी किल्ली बोटांत फिरवत होते. जुनी अजून कणगीतच होती. मग म्हणाले, "शिस्तीची पोर हाय. आईवर गेली." आणि थोड्या वेळाने, "आता काय काम उरलं नाय गो, बाय."

त्यानंतर नानांनी एकही काम काढलं नाही. मी बुधवारी जात राहिले, चिठ्ठीशिवाय. "आज कसलं काम?" ते विचारायचे. "कसलं नाही." "मग आलीस कशाला?" "अशीच." मग आम्ही ओटीवर बसायचो. ते मला घाटातल्या एस.टी.च्या गोष्टी सांगायचे, मी त्यांना जोगळेकरांच्या. ते माझ्या मागे रस्त्याकडे बघायचे थांबले होते. आधी मला ते बरं वाटलं, आणि मग मला ते मुळीच बरं वाटेना. टेलिफोन आला. सुनंदा दर रविवारी फोन करायची. काही लागतं का, असं विचारायची. नाना म्हणायचे, "काय नाय, सगलं हाय."

पुढे दोन हजार सालानंतरची काही वर्षं उलटल्यावर नाना गेले. झोपेतच गेले, कोणाला काही करायला न लावता.

दिवस झाल्यावर एका बुधवारी दुपारी सुनंदा माझ्या घरी आली. रजेवर होती. तिला मी पहिल्यांदाच नुसतं बसलेलं पाहिलं. सासू त्याआधीच गेली होती, मुली मोठ्या झाल्या होत्या. चहा झाला तरी ती उठेना. स्वयंपाकघराच्या दारामागे लाल खिसे तसेच टांगलेले होते, रंग बराच उतरला होता. ती त्यांच्याकडे बघत होती.

"फिलूताई," ती म्हणाली, "बाबांची एखादी चिठ्ठी राहिली आहे का?"

"कसली?"

"कसलीही. एखादं काम. राहून गेलेलं. मला आता वेळ आहे."

मी उठले. मला माहीत होतं, तरी उठले. एकेक खिसा चाचपला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. खालची थैली काढून ओट्यावर उलटी केली. जोगळेकरांच्या निघाल्या, यमुनाबाईच्या निघाल्या, माझ्या स्वतःच्याही निघाल्या, कोपरे दुमडलेल्या. नानांची एकही नव्हती. सुनंदा उठून आली आणि तिने स्वतः त्या बुधवारच्या तारखेच्या खिशात हात घातला, तळापर्यंत, आणि बराच वेळ तो तसाच आत ठेवला.